पायदळ माणसाचा रस्ता

अमरावतीत इर्विनच्या फाटकासमोर मी उभा आहे. सकाळचे साडेदहा वाजतायत. कागदावर हे जिल्हा सामान्य रुग्णालय, पण दर्यापूर, मोर्शी, चांदूर बाजारकडून आलेला माणूस ऑटोवाल्याला ‘इर्विनले जाचं हाय’ एवढंच सांगतो आणि ऑटोवाला बरोबर आणून सोडतो. फक्त सोडतो रस्त्याच्या पलीकडे, कारण वळसा घ्यायला त्याला परवडत नाही. चहा पलीकडे, झेरॉक्स पलीकडे, परतीचा ऑटोही पलीकडे. त्यामुळे इथे येणारा आजारी असो की आजाऱ्याचा नातेवाईक, हा रस्ता त्याला पुन्हा पुन्हा ओलांडावाच लागतो. जून सरत आलाय. विदर्भातल्या शाळा याच आठवड्यात उघडल्यात. रात्रीच्या पावसाचं पाणी कडेला साचलंय आणि कडेनं चालणारी माणसं त्या पाण्याला चुकवत आणखी दोन हात आत, गाड्यांच्या अंगावर सरकलीयत.

फाटकातून एक म्हातारी बाहेर येते. विटकं हिरवं लुगडं, हातात कापडी पिशवी, पिशवीतून डोकावणारी औषधाची चिठ्ठी. सोबत आठ-नऊ वर्षांचा नातू. त्याच्या पाठीवर कोरं दप्तर आहे, म्हणजे शाळेला निघालेलं पोर मधेच इकडे आणलेलं दिसतंय. म्हातारी कडेला येऊन थांबते. एक पाऊल टाकते, मागे घेते. पुन्हा टाकते, पुन्हा मागे. डावीकडून स्कूटी, उजवीकडून राँग साइडनं येणारा दुधाच्या कॅनवाला, त्यामागे स्कूल व्हॅन.

पानटपरीवाला आतूनच ओरडतो, ‘‘आजी, थांबा जरासाक. गाड्या कमी होऊ द्या.’’

‘‘कमी होतेत कधी बाप्पा? मी उभी रायली तवापासून अशाच येऊन रायल्या.’’

मग ती नातवाचं मनगट धरते आणि दुसरा हात कमरेच्या उंचीवर आडवा धरते. हा हात आमच्या वऱ्हाडातल्या सगळ्या चौकांत दिसतो. पोलिसासारखा उंच नाही. वखरावरून सुटू पाहणाऱ्या बैलाला हो-हो करत थोपवावं, तसा खाली, नरम, थोडा अजिजीचा. त्या हाताच्या भरवशावर ती निघते. एक ऑटो थांबतो. थांबलेल्या ऑटोच्या डावीकडून एक मोटरसायकल सूं करून निघून जाते, म्हातारीच्या पदराला वारा लागतो. ती दुभाजकाच्या फटीपर्यंत पोहोचते आणि तिथे तिच्या उजव्या पायातली चप्पल निघून मागे राहते.

ती चप्पल मला अजून दिसतेय. निळी, पट्ट्याला तार बांधलेली, पांढऱ्या पट्ट्याच्या पुसट तुकड्यावर पालथी पडलेली. आजीला काही कळायच्या आत नातू हात सोडवून मागे धावतो. एक बुलेट करकचून ब्रेक मारते. चार-पाच हॉर्न एकदम वाजतात.

‘‘मरतं का बे पोट्ट्या?’’ बुलेटवाला.

पोरगं चप्पल उचलून पळालेलं असतं. उत्तर आजी देते, दुभाजकावर एका पायावर उभी राहून: ‘‘मारू नको बावा, थांब. थांबाले काय पैसे पडतेत?’’

टपरीपाशी दोघं-तिघं हसतात. बुलेटवालाही ओशाळून हसतो आणि निघून जातो. अजून अर्धा रस्ता उरलाय. आजी पुन्हा हात आडवा धरते.

रस्त्यावरचे हे पांढरे पट्टे कशासाठी असतात ते सगळ्यांना माहीत आहे, असं आपण धरून चालतो. सिग्नल लाल होतो तेव्हा मी पाहतो: पहिली रांग पट्ट्यांवर उभी राहते, दुसरी पहिलीच्या फटींत घुसते, आणि चालणारा माणूस गाड्यांच्या चाकांमधून अंग चोरत वाट काढतो. २०१७ च्या मोटार वाहन चालनविषयक नियमांत स्वच्छ लिहिलंय की पट्ट्यांवर पहिला हक्क पायी माणसाचा, गाडीनं त्याला वाट द्यायची. लायसन काढताना या प्रश्नाचं बरोबर उत्तर देऊन आलेले शेकडो लोक आत्ता माझ्या डोळ्यांसमोरून त्या पट्ट्यांवरून जातायत. चौकातला वाहतूक पोलीस घामानं भिजलाय. एका हातात मोबाइल, चलानासाठी नंबर प्लेटचे फोटो काढतोय. सिग्नलच्या फावल्या मिनिटात मी त्याला विचारतो. तो वैतागत नाही, उलट समजावून सांगतो.

‘‘सर, मी हात दाखवला तं समोरचा थांबते. त्याच्या मागचा थांबत नाई. तो बाजूनं निघते. अन् माणूस त्याच्याच खाली येते.’’

अख्ख्या सकाळीत ऐकलेलं सगळ्यात शहाणं वाक्य हेच. आजीच्या पदराला जो वारा लागला तो थांबलेल्या ऑटोमुळेच लागला. थांबलेली गाडी आडोसा होते. तिच्या पलीकडून येणारा चालणाऱ्याला दिसत नाही, आणि चालणारा त्याला दिसत नाही. केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात २०२२ साली देशभरात रस्त्यावर गेलेली माणसं १,६८,४९१ आहेत. त्यांतली ३२,८२५ पायी चालणारी. दिवसाला सरासरी ९०. त्यांच्यापैकी कितीजण चुकत होते याची चर्चा आपल्याकडे लगेच सुरू होते. ती करण्याआधी एकदा या फाटकासमोर तासभर उभं राहावं.

इर्विनकडून राजकमल चौकाकडे मी चालत निघतो. फुटपाथवरून, असं म्हणायला हवं, पण तो सलग मिळाला तर. भारतीय रस्ते काँग्रेसची पादचाऱ्यांसाठीची मार्गदर्शिका आहे. फुटपाथ रस्त्यापासून १५ सेंटिमीटरपेक्षा उंच नको आणि चालायला किमान १.८ मीटर मोकळा हवा, असं ती सांगते. मी ज्या तुकड्यावर चढतोय तो माझ्या गुडघ्याच्या थोडाच खाली आहे. मघाची आजी यावर चढलीच नसती. चढलो तर पुढे डीपी, मग गट्टू उखडलेला खड्डा, मग वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या बल्ल्या, मग ओळीनं लावलेल्या मोटरसायकली. एक गृहस्थ माझ्या देखत त्या ओळीत आपली गाडी घुसवतात, साइड स्टँड लावतात, फुटपाथवरून खाली उतरतात आणि रस्ता ओलांडायला उभे राहतात. मागून येणाऱ्या कारचा हॉर्न ऐकून माझ्याकडे वळून म्हणतात, ‘‘पाहा न भाऊ, चालाले जागाच ठेवली नाई लोकांनी.’’ मी मान डोलावतो. ते मनापासून बोलतायत.

पुढच्या वळणावर गिला वड्याची गाडी आहे. दही, चटणी, वर शेव, आणि घोळका. हा माणूस फुटपाथ अडवतो हे खरं. पण त्याला हाकललं की तो प्रश्न सुटतो हे मला पटत नाही. अमरावतीतून गिला वडा काढला तर या रस्त्यांवर चालण्याचं निम्मं कारण जाईल. पथविक्रेत्यांचा कायदा २०१४ साली झाला. विक्रेत्यांची नोंद करायची, नगर पथविक्रेता समिती नेमायची, विक्रीच्या जागा ठरवून द्यायच्या, हे सगळं त्यात आहे. गाडी उचलून ट्रकमध्ये टाकायला मात्र अर्धा तास पुरतो, म्हणून तोच मार्ग पुन्हा पुन्हा आवडतो. शिवाय चार मोटरसायकली जेवढी जागा खातात तेवढ्यात त्याचा संसार चालतो, आणि मोटरसायकलींचा ट्रक क्वचितच येतो.

राजकमल चौक येतो. इथून गांधी चौकाकडे, पुढे अंबादेवीकडे जाणाऱ्या गर्दीत मी मिसळतो. आत्ता या रस्त्यावर कोणी कुणाचं नाही: ऑटो, हातगाड्या, स्कूटी, शाळेतून सुटलेली पोरं, गाय. पण अमरावतीकराला विचारा, नवरात्रात हा भाग कसा असतो. अंबादेवी-एकवीरेच्या दर्शनाला लोक लोटतात, तेव्हा गाड्यांना वळण लावून दिलं जातं, बांबू बांधले जातात, बंदोबस्त लागतो आणि म्हाताऱ्या बायका रस्त्याच्या मधोमध निवांत गप्पा मारत चालतात. एकही व्यापारी दुकान बंद करून गाव सोडून जात नाही. उलट त्या दिवसांतच त्यांचा धंदा होतो. म्हणजे हे करता येतं. करायचं कुणासाठी, एवढाच प्रश्न आहे.

दुपारच्या एसटीनं अकोल्याकडे निघतो. बडनेरा मागे पडतं आणि गाडी राष्ट्रीय महामार्ग ५३ ला लागते. हा रस्ता वर्षानुवर्षं रखडला होता; अमरावती-अकोला प्रवासात कंबर मोडून घेतलेली माणसं या बसमध्येही असतील. मग जून २०२२ मध्ये लोणी ते माना या टप्प्यावर विक्रम झाला. ३ जूनला सकाळी ७ वाजून २७ मिनिटांनी काम सुरू, ७ जूनला संध्याकाळी ५ ला संपलं. १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर एकपदरी डांबरी रस्ता, म्हणजे साडेसदतीस किलोमीटर दुपदरी. ७२० माणसं राबली, गिनेस बुकात नोंद झाली. त्याआधीचा विक्रम कतारमधल्या दोहाचा होता, सव्वापंचवीस किलोमीटरचा, आणि त्याला दहा दिवस लागले होते. या विक्रमाचा मला अभिमान आहे, खोटं कशाला सांगू. बस आता अशी पळतेय की खिडकीतला वारा डोळ्यांना झोंबतोय.

एका फाट्यावर दोन बाया आणि डबा घेतलेला मुलगा उतरायला दाराशी येतात. त्यांचं गाव पलीकडे आहे. पुलाखालची वाट दूर, म्हणून इथेच कुणीतरी दुभाजकाची झुडपं तुडवून पायवाट पाडलीय. पलीकडच्या पट्ट्यात ट्रक ऐंशीनं येतायत. जागतिक आरोग्य संघटनेचं एक गणित आहे: पन्नासच्या वेगातल्या मोटारीची धडक बसली तर मोठा माणूस दगावण्याची शक्यता वीस टक्क्यांच्या आत राहते, ऐंशीला ती साठ टक्क्यांजवळ जाते. रस्ता गुळगुळीत झाला की वेग वाढणार, हे तर ठरलेलंच. मग वाढलेल्या वेगातून हा डबेवाला मुलगा पलीकडे कसा जाणार, हेही त्याच नकाशात, त्याच दिवशी ठरायला हवं होतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे नसेल आणि त्यातून कुणी मेला किंवा अपंग झाला, तर जबाबदार संस्था, कंत्राटदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. कोट्यवधींच्या कामात एक लाख म्हणजे किती, ते कंत्राटदाराच्या मुनिमाला विचारावं.

उतरणाऱ्यांसाठी ड्रायव्हर बस थांबवतो आणि लगेच उजवा हात खिडकीबाहेर काढून पंजा मागे दाखवत राहतो. मागची कार वेग कमी करते. तिच्या मागचीही. बसपुढून तिघं अलीकडचे पट्टे ओलांडतात, झुडपांपर्यंत जातात. तिथवर ड्रायव्हरचा हात बाहेरच असतो. पलीकडच्या ट्रकांचं त्याच्या हातात काही नाही. ती तिघं झुडपांत उभी आहेत, तोवर बस निघते. मी मान वळवून पाहतो, पण वळणावर ती दिसेनाशी होतात.

मूर्तिजापूर, बोरगाव मंजू, आणि अकोला. ऊन निघालंय. अकोल्याचं ऊन पाऊस पडल्यावर जास्त चावतं, उकाड्यासकट. बसस्थानकाबाहेर पडताच ऑटोवाले घेरतात: ‘‘कुठी जाचं भाऊ? जठारपेठ? कौलखेड?’’ मी पायीच जाणार म्हटल्यावर एकजण माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहतो.

अशोक वाटिका चौकातून उड्डाणपूल गेलाय. २८ मे २०२२ ला नितीन गडकरींच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. दहाच दिवसांनी लोणी-मान्याचा विक्रम पुरा झाला. अकोल्यासाठी तो पंधरवडा मोठा होता. पुलानं वरची वाहतूक मोकळी केली, यात शंका नाही. शहराबाहेर जाणाऱ्याचा वेळ वाचतो. खाली मात्र चालणाऱ्याला खांबाआडून येणारी गाडी शेवटच्या क्षणी दिसते. मी खांबाला टेकून उभा राहतो. एक मध्यमवयीन बाई भाजीची पिशवी छातीशी धरून खांबाआडून डोकावते, मागे होते, पुन्हा डोकावते. तिच्या शेजारी पांढरं धोतर नेसलेले एक आजोबा. दोघांची ओळख नाही. तरी आजोबा निघतात तशी बाई त्यांच्या सावलीत निघते. चौकाचौकांत रस्ता असाच ओलांडला जातो, अनोळखी माणसाच्या आडोशानं.

संध्याकाळी शिकवण्या सुटतात तेव्हा मी तुकाराम चौकाच्या बाजूला आहे. नीट-जेईईच्या क्लाससाठी बुलढाणा, वाशीम, यवतमाळकडची हजारो मुलंमुली या शहरात खोल्या करून राहतात. अकोल्याच्या अर्थकारणात आता कापसाइतकंच या मुलांचं वजन आहे. त्यांची मेस, झेरॉक्स, चहा, अभ्यासिका, सगळं पायी. एक बॅच सुटते. जिन्यावरून पन्नास-साठ मुलं खाली येतात आणि रस्त्याच्या कडेला थबकतात. एका वेळी एक मूल निघत नाही. दहा-बारा जमतात, मग एक मुलगी पुढे होते, पाठीवरची बॅग पुढे घेते आणि निघते. बाकीची तिच्यामागे. गाड्या नाइलाजानं थांबतात.

मी तिला पलीकडे गाठतो. मेहकरकडची आहे, अकरावीला आलीय.

‘‘रोजचंच हाय सर. ग्रुपनं निघालो तं थांबतात. एकटी निघाली की कोणी पाहत पण नाही.’’

‘‘पट्टे कुठायत इथे?’’

ती रस्त्याकडे पाहते, मग माझ्याकडे. ‘‘होते वाटते. मागं डांबर टाकलं तेव्हा गेले.’’

हेही मी अनेकदा पाहिलंय. डांबराचं टेंडर वेगळं, रंगाचं वेगळं. वरचा थर आठवड्यात पडतो, त्यानं झाकलेले पट्टे परत यायला पावसाळा, दिवाळी, निवडणूक असं काहीतरी आडवं येतं. रंग हा रस्त्याच्या कामातला सगळ्यात स्वस्त भाग. १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की अडथळ्याविना फुटपाथ मिळणं हा घटनेच्या एकविसाव्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे, आणि राज्यांना त्यासाठी मार्गदर्शक तत्त्वं आणायला सांगितलं. मेहकरच्या त्या मुलीला हा निकाल माहीत असण्याचं कारण नाही. तिला दहा-बारा सोबती जमवण्याचा उपाय माहीत आहे आणि तो चालतो.

अमरावतीला अंबादेवी, तसा अकोल्याला राजराजेश्वर. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी गांधीग्रामच्या पूर्णेचं पाणी कावडीनं आणतात. रात्रभर हजारो माणसं अनवाणी चालत शहरात येतात. त्या रात्री वाहतूक वळवली जाते, रस्ते झाडले जातात, कडेला फराळाचे नि पाण्याचे मंडप, लखलखते दिवे, रुग्णवाहिका तयार. कुठल्या गल्लीतून कुठली कावड येणार याचा आराखडा आधीच ठरलेला असतो. अख्खं शहर पायी माणसाच्या मापानं मांडलं जातं आणि कुणाचीही तक्रार नसते. शिकवणी सुटण्याच्या वेळेला पंधरा-वीस मिनिटं, शाळा भरताना-सुटताना तेवढीच, आणि इर्विनच्या फाटकासमोर दिवसभर, एवढंच मागणं असेल तर त्याला कावडीएवढी तयारीही लागत नाही. एक शिपाई, रंगाचे दोन डबे, वेग कमी करणारा उंचवटा, आणि दुभाजकात म्हातारीला क्षणभर टेकता येईल एवढी रुंद जागा. पैसा आणि तंत्र नाही, हे कारण १०५ तासांत रस्ता करणाऱ्या मुलखाला शोभत नाही. आपल्याकडे रस्त्याचा नकाशा काढताना पहिली रेघ गाडीची पडते आणि चालणाऱ्याला जे उरेल ते मिळतं, दोष तिथे आहे.

रंगाचे डबे येतील तेव्हा येतील. गाडी चालवणाऱ्यांना तोवर एक विनंती. समोर कुणी हात आडवा धरून उभं असेल तर थांबा. नुसतं थांबू नका, तो चौकातला पोलीस सांगत होता ते खरं आहे, मागचा बाजूनं निघतो. म्हणून त्या एसटीच्या ड्रायव्हरसारखा उजवा हात बाहेर काढून मागच्याला दाखवत राहा, माणूस पलीकडे पोहोचेपर्यंत. मागून हॉर्न वाजेल. वाजू द्या.